बाटलीवरचे गाव आणि फळावरचे गाव

गेल्या महिन्याच्या अंकात नाशिकच्या द्राक्षबागांवर लेख होता आणि त्यात युरोपातील वाइनच्या ‘उगमनामां’चा, म्हणजे गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने कायद्याने ओळखल्या जाणाऱ्या वाइनचा, अवघ्या दोन ओळींत उल्लेख आला होता. त्यावर नागपूर व परिसरातून बरीच पत्रे आली. पत्रलेखकांपैकी अनेक जण मद्य घेत नाहीत, पण त्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे, आणि त्यांच्या प्रश्नांचा रोख त्या बागेकडेच आहे. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात कोणी मद्याला शिवत नाही. तरीही ‘शॅम्पेन हे मुळात प्रदेशाचे नाव आहे’ हे लेखातील वाक्य मनातून जात नाही. गावाच्या नावावर असा हक्क कोणाचा असतो आणि ही कल्पना निघाली कशी?
— एक संत्रा उत्पादक, काटोल

उत्तर : हा हक्क कोणा एका कंपनीचा नसतो. व्यापारचिन्ह त्याच्या मालकाला विकता येते, दुसऱ्याला वापरायला देता येते, कारखाना परराज्यात हलवला तरी सोबत नेता येते. उगमनाम मात्र जमिनीला बांधलेले असते. आखून दिलेल्या हद्दीत द्राक्षे पिकवून ठरलेल्या रीतीने वाइन करणाऱ्या लहानात लहान शेतकऱ्यालाही ते लावता येते आणि हद्दीबाहेरच्या मोठ्यात मोठ्या उत्पादकाला ते लावता येत नाही.

कल्पनेचे मूळ फसवणुकीत आहे. पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यातून इंग्लंडला जाणाऱ्या पोर्ट वाइनला अठराव्या शतकात मागणी वाढली, तेव्हा फिकट वाइनमध्ये एल्डरबेरीच्या फळांचा रस मिसळून तिला गडद रंग आणला जाऊ लागला. १७५६ मध्ये पोर्तुगालचे मंत्री पोंबाल यांच्या राजवटीत चांगल्या बागांचा प्रदेश ग्रॅनाइटचे खांब रोवून आखण्यास सुरुवात झाली आणि पुढे त्या भागातील एल्डरबेरीची झाडे उपटण्याचा हुकूम निघाला. हद्दीचा दगड आणि भेसळीचे झाड या दोन्हींचा बंदोबस्त एकाच धोरणात व्हावा, हे मला फार सूचक वाटते.

फ्रान्सची कथा अधिक वेदनेची आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने तेथील बागा उद्ध्वस्त केल्या. अमेरिकी द्राक्षाच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम बांधणे हा त्यावरचा उपाय ठरला, आणि जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणाऱ्या आपल्या भागाला तो परका वाटू नये. पण नव्या बागा फळाला येईपर्यंत द्राक्षांचा तुटवडा राहिला, मनुके भिजवून किंवा पिळलेल्या चोथ्यावर साखरपाणी ओतून ‘वाइन’ केली जाऊ लागली आणि नामांकित गावांची नावे कोणत्याही बाटलीवर चिकटू लागली. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील शेतकरी रस्त्यावर आले. १९११ मध्ये शॅम्पेन प्रदेशात, बाहेरून स्वस्त द्राक्षे आणल्याचा संशय असलेल्या व्यापाऱ्यांची कोठारे जाळली गेली आणि सरकारला सैन्य पाठवावे लागले.

यानंतर जे घडले, ते आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. १९१९ च्या फ्रेंच कायद्याने गावाच्या नावाला संरक्षण दिले खरे, पण मुख्यतः हद्दीच्या आधारावर. तेव्हा हद्दीच्या आतीलच काही शेतकऱ्यांनी सखल, पाणथळ जमिनीत भरमसाट उतारा देणारे हलके वाण लावले आणि तीच प्रतिष्ठित नावे वापरली. म्हणजे बाहेरच्या चोराला दार बंद झाले आणि नावाची नासाडी घरातून सुरू झाली. जोसेफ कापू या लोकप्रतिनिधीने हे ओळखले आणि केवळ जागा पुरेशी नाही, त्या जागेत काय लावायचे आणि कसे पिकवायचे हेही नियमात यायला हवे, यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला. शातोनफ-द्यु-पाप या गावातील उत्पादकांनी बॅरन पिएर ल रुआ यांच्या पुढाकाराने १९२३ पासूनच असे नियम स्वतःहून आखायला घेतले होते; लॅव्हेंडर आणि थाइम या दोन्ही वनस्पती जेथे उगवतात, अशीच उजाड, कोरडी जमीन द्राक्षासाठी पात्र धरावी, ही त्यांची कसोटी होती. अखेर ३० जुलै १९३५ च्या आदेशाने ‘नियंत्रित उगमनाम’ ही व्यवस्था फ्रान्समध्ये आली आणि पुढच्याच वर्षी मानांकन मिळालेल्या पहिल्या नावांत शातोनफ-द्यु-पाप होते.

प्रश्न : मी हॉटेल व्यवस्थापनाचा विद्यार्थी आहे. वर्गात आम्हांला नावांची यादी पाठ करायला सांगतात, पण नियम नेमके कशाचे असतात हे कळत नाही. प्रदेशाखेरीज कोणकोणत्या गोष्टी नियंत्रित होतात?
— एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : प्रत्येक उगमनामासाठी एक नियमपत्र असते आणि ते वाचताना शेतकऱ्याच्या वर्षभराच्या वहीची पाने उलटल्यासारखे वाटते. आपण यादी बाजूला ठेवून एखादे नियमपत्र मुळातून वाचावे, अशी माझी मनापासून सूचना आहे.

पहिली गोष्ट हद्द. पण ती तालुक्याची किंवा गावाची ठोकळ सीमा नसते. कित्येकदा गट क्रमांकापर्यंत जाऊन एक शेत आत आणि शेजारचे बाहेर ठेवले जाते. बरगंडीत तर नावांची उतरंडच आहे: सर्वांत खाली प्रदेशाचे नाव, त्यावर गावाचे, त्यावर निवडक शेतांचे आणि शिखरावर ‘ग्रां क्रु’ म्हटल्या जाणाऱ्या थोड्याच शेतांचे. जव्रे नावाच्या गावाने १८४७ मध्ये आपल्याच शिवारातील शांबेर्तें या प्रसिद्ध शेताचे नाव स्वतःच्या नावापुढे जोडून घेतले, इतके तेथे शेताचे नाव गावापेक्षा मोठे झाले होते.

दुसरी गोष्ट वाण. इटलीतील बारोलोमध्ये नेब्बिओलो या एकाच वाणाची द्राक्षे चालतात. शातोनफमध्ये परंपरेने तेरा वाण मोजले जातात.

तिसरी गोष्ट उतारा, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेचे मर्म येथे आहे. शातोनफच्या नियमात मूळ मर्यादा हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी सुमारे १,४०० लिटर वाइन इतकी आहे. बारोलोत हेक्टरी ८ टन द्राक्षे, म्हणजे एकरी तीन टनांहून थोडी अधिक. नाशिककडे खाण्याच्या द्राक्षांचा एकरी आठ-दहा टनांचा उतारा सर्रास घेतला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे ही मर्यादा किती आवळलेली आहे ते समजेल. वेलीची पाने ठरावीक साखर तयार करतात. घड फार ठेवले तर ती साखर अधिक मण्यांत वाटली जाते, रंग आणि सुगंध पातळ होतात, आणि म्हणून वाइनसाठी घडांची विरळणी करावी लागते. उतारा जितका कमी तितकी वाइन उत्तम, असे सरळ गणित मात्र नाही. जमीन, वेलीचे वय आणि त्या वर्षीचे हवामान यांनी ते बदलते. तरीही मर्यादा हवीच, कारण नाव प्रसिद्ध झाले की जास्त पिकवून जास्त विकण्याचा मोह नेमका त्याच जागी होतो, आणि तो एकेका शेतकऱ्याच्या विवेकावर सोडला तर शेजारी मोह आवरेल याची खात्री कोणालाच राहत नाही.

छाटणीची पद्धत, एकरी वेलींची संख्या, काडीवर किती डोळे ठेवायचे हेही बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. पाण्याचा नियम विदर्भातील वाचकांना विशेष जवळचा वाटेल. फ्रान्समध्ये नियंत्रित उगमनामाच्या बागांना फळ वाढीच्या काळात पाणी देण्यास दीर्घकाळ बंदी होती आणि २००६ नंतर ती परवानगीपुरती सैल झाली. संत्र्याला ताण देऊन बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फक्त आपण ताण देतो तो फुले येण्यासाठी, आणि तेथे तो मणी लहान व रस दाट राहावा म्हणून असतो.

तोडणीच्या वेळी द्राक्षांत किमान किती साखर हवी, हेही ठरलेले असते. शातोनफच्या वाइनमध्ये किमान १२.५ टक्के मद्यार्क द्राक्षाच्या स्वतःच्या साखरेतून यायला हवा. बरगंडीत रसात साखर घालण्यास मर्यादित मुभा मिळू शकते, इटलीत साखर घालता येत नाही.

तळघरातले नियम शॅम्पेनमध्ये सर्वांत बारीक आहेत. तोडणी हातानेच करायची, म्हणजे अखंड घड घाण्यापर्यंत पोचतात. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरपेक्षा जास्त रस नावासाठी घेता येत नाही. त्यातील पहिले २,०५० लिटर उत्तम प्रतीचे आणि पुढचे ५०० लिटर दुय्यम. संत्र्याचे फळ यंत्रात जास्त पिळले की साल आणि बियांचा कडवटपणा रसात उतरतो, हे आपल्याकडे रस काढणारा प्रत्येक जण जाणतो. तेथे त्या अनुभवाचा कायदा झाला आहे. फेस आणणारे दुसरे आंबवणे बाटलीतच व्हायला हवे आणि त्यानंतर साधी शॅम्पेन किमान १५ महिने, तर विशिष्ट वर्षाची शॅम्पेन किमान तीन वर्षे तळघरात ठेवावी लागते. बारोलोसाठी हा काळ ३८ महिने आहे आणि त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. स्पेनमधील रिओहा प्रदेशात तर ‘क्रिआन्सा’, ‘रेसेर्वा’ आणि ‘ग्रान रेसेर्वा’ हे शब्दच मुरण्याचा काळ सांगतात. लाल वाइनसाठी तो अनुक्रमे दोन, तीन आणि पाच वर्षे आहे. ही मुदत पाळण्यात उत्पादकाचे भांडवल अडकून पडते, म्हणून ती नियमात नसती तर पैशांची गरज असलेल्याने ती पहिल्यांदा मोडली असती.

प्रश्न : एवढे नियम पाळले म्हणजे दर्जाची हमी मिळाली, असे धरायचे काय? मग महागड्या नावाची वाइनही सुमार निघाल्याचे का ऐकू येते?
— एक सेवानिवृत्त बँक अधिकारी, प्रतापनगर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. उगमनाम हे मूळ स्थानाची आणि रीतीची हमी देते; चवीची हमी ते देऊ शकत नाही. एकाच शेताचे शेजारी-शेजारी दोन मालक असतात, दोघेही नियम पाळतात आणि तरीही दोघांच्या वाइनमध्ये मोठे अंतर असते. म्हणून जाणकार आधी उत्पादक पाहतात आणि मग गाव.

अंमलबजावणीतही पळवाटा होत्या. फ्रान्समध्ये १९७४ पूर्वी मर्यादेपेक्षा जास्त पिकवलेला माल खालच्या दर्जाच्या नावाखाली विकता येत असे, म्हणजे एकाच शेतातील एकाच पिंपातल्या वाइनचा काही भाग उंची नावाचा आणि उरलेला साध्या नावाचा होई. त्या वर्षी ही पद्धत बंद करून रासायनिक तपासणी आणि चाखणी सर्वांना सक्तीची झाली. चाखणी समितीवर बहुधा त्याच भागातील उत्पादक असत आणि शेजाऱ्याची वाइन नापास करणे जड जाई, त्यामुळे फार थोडे नमुने नाकारले जात. २००८ च्या सुमारास तपासणी बाहेरच्या स्वतंत्र संस्थांकडे देण्यात आली.

नियम चुकीचा असला तर तो दर्जा बिघडवूही शकतो, याचे उदाहरण कियांतीचे आहे. इटलीच्या १९६७ च्या नियमांनी कियांती या लाल वाइनमध्ये काही प्रमाणात पांढरी द्राक्षे घालणे बंधनकारक केले होते. ज्यांना ते पटले नाही, त्यांनी नावच सोडले. ‘तिन्यानेलो’ आणि बोल्गेरी भागातील ‘सासिकाया’ या वाइन कायद्याच्या दृष्टीने सर्वांत खालच्या, साध्या ‘टेबल वाइन’च्या वर्गात मोडत असूनही कियांतीपेक्षा महाग विकल्या जाऊ लागल्या. शेवटी कायद्याला त्यांच्या मागे यावे लागले: १९९२ मध्ये सैल नियमांचा नवा वर्ग आला, सासिकायाला १९९० च्या दशकात स्वतःचे उगमनाम मिळाले आणि कियांती क्लासिकोमध्ये २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली. एवढ्यावरून नियमच नकोत, असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. या उत्पादकांनी नावाची नासाडी करून सुटका मिळवली नाही. त्यांनी नाव खाली ठेवले आणि स्वतःच्या नावावर धोका पत्करला. हा प्रामाणिक मार्ग आहे.

प्रश्न : अमेरिकेत अशी व्यवस्था आहे का?
— एक वाचक, सदर

उत्तर : आहे, पण बरीच सैल. तेथे हद्द आखली जाते आणि नाव लावायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे त्या हद्दीतील लागतात. वाण, उतारा किंवा मुरण्याचा काळ यांवर बंधन नाही. पहिली हद्द १९८० मध्ये मिझुरी राज्यातील ऑगस्टा येथे आखली गेली. कॅलिफोर्नियातील नापा व्हॅलीला मान्यता मिळाली ती त्यानंतर.

प्रश्न : नागपुरी संत्र्यालाही मानांकन मिळाले आहे. मग शॅम्पेनला जे संरक्षण आहे तेच आपल्या संत्र्याला आहे, असे समजावे काय?
— एक वाचक, नरखेड

उत्तर : कायद्याचे नाव एक, बळ मात्र सारखे नाही. आपला भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि त्याची नोंदणी चेन्नई येथे होते. नागपुरी संत्र्याला हे मानांकन २०१४ मध्ये मिळाले. नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करावे लागते, आणि ज्या शेतकऱ्याला हे नाव हक्काने वापरायचे आहे त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करायची असते. हा दुसरा टप्पा आपल्या भागात अनेकांना माहीतच नसतो, म्हणून तो येथे मुद्दाम सांगतो.

जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात दोन पातळ्या आहेत. सर्वसाधारण मालाच्या बाबतीत ग्राहकाची दिशाभूल होत असेल तरच नावाचा वापर रोखता येतो. वाइन आणि ऊर्ध्वपातित मद्यांना (स्पिरिट) मात्र अधिकचे संरक्षण आहे: ‘अमुक देशात केलेली, शॅम्पेन पद्धतीची’ असे खरे मूळ सांगूनही ते नाव लावता येत नाही. मद्याला जास्त आणि फळाला कमी, हा भेद युरोपच्या आग्रहातून आला आणि तो मला अन्यायाचा वाटतो. आपल्या कायद्यात केंद्र सरकारने अधिसूचना काढून इतर मालालाही वरची पातळी देण्याची तरतूद आहे.

पण खरा फरक नियमपत्राच्या अंमलबजावणीत आहे. पुण्यात एकदा ‘अस्सल नागपुरी संत्री’ अशी पाटी लावलेल्या गाड्यावर मी थांबलो, तर पुढे होता तो किन्नो, म्हणजे संत्र्यासारखेच पण वेगळ्या जातीचे फळ: चकचकीत, घट्ट सालीचा, बियांनी भरलेला. आपल्या संत्र्याची साल सैल, बोट घालताच सुटणारी असते, हे विक्रेत्याला सांगितले तेव्हा ‘नाव सगळे तेच घेतात’ असे उत्तर मिळाले. मला त्याचा राग आला नाही, दुःख झाले. १९१९ नंतरच्या फ्रान्समध्येही हद्द होती आणि नाव होते. नव्हते ते काय, हे वर आलेच आहे. आंबिया बहाराचे फळ केव्हा तोडावे, त्यात किमान किती गोडी हवी, अपक्व फळाला रंग आणून बाजारात पाठवू नये, वरच्या प्रतीत कोणते फळ बसते, हे सारे उत्पादकांनी मिळून ठरवले आणि कळमन्याच्या बाजारात पोचण्यापूर्वी कोणी तपासले, तर गाड्यावरच्या पाटीला उत्तर देण्याचे साधन आपल्या हाती येईल.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत संत्र्याची वाइन करण्याचा विचार चालू आहे. तिला ‘नागपूर’ हे मानांकित नाव लावता येईल का? परदेशात ‘ऑरेंज वाइन’ मिळते, ती हीच का?
— कळमेश्वर येथील एक सभासद

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. परदेशातील ‘ऑरेंज वाइन’शी संत्र्याचा संबंध नाही, पांढरी द्राक्षे सालींसह आंबवल्याने येणाऱ्या नारिंगी छटेवरून ते नाव पडले आहे. फ्रान्सने १८८९ च्या कायद्यातच ताज्या द्राक्षांपासून झालेल्या पेयालाच नुसते ‘वाइन’ म्हणायचे, असे ठरवले.

मानांकनाची नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते. ताजे फळ एकतिसाव्या वर्गात येते, बीअर वगळता इतर मद्ये तेहतिसाव्या. नाशिकची द्राक्षे आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ या दोहोंची नोंद म्हणूनच वेगवेगळी आहे. संत्र्याचे मानांकन फळाचे आहे. ते आपोआप वाइनला लागू होत नाही. उत्पादन शुल्क विभागाचा परवाना तर कोणत्याही परिस्थितीत आधी लागेल.

स्वतंत्र अर्ज करण्याचे मनात असेल, तर नियमपत्राचा मसुदा आजच लिहायला घ्या आणि साखरेच्या कलमापासून सुरुवात करा. वाइनच्या द्राक्षांत तोडणीच्या वेळी २२ ते २४ ब्रिक्स (रसातील साखरेचे साधारण शेकडा प्रमाण) साखर असते, तिच्यातून बारा-तेरा टक्के मद्यार्क स्वाभाविकपणे तयार होतो. नागपुरी संत्र्याच्या रसात सुमारे दहा ब्रिक्स असते, म्हणजे बाहेरून साखर न घालता पाच टक्क्यांच्या आसपासच मद्यार्क मिळेल. साखर घालावी लागणारच असेल, तर किती, आणि रसात पाणी घालता येईल की नाही, हे पहिल्या बाटलीच्या आधी ठरले पाहिजे, कारण स्वस्त साखरपाणी आणि चिमूटभर संत्रे ही वाट कोणाला ना कोणाला सुचेल. त्यानंतर बहाराचे कलम घ्या. आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या फळांत गोडी-आंबटपणाचे प्रमाण सारखे नसते, तेव्हा एकच बहार घ्यायचा की दोन्ही, आणि लेबलवर तो लिहायचा की नाही, हे ठरवा. तिसरे कलम पिळण्याचे: साल काढूनच रस घ्यायचा, बिया चिरडू द्यायच्या नाहीत, आणि एक टन फळातून जास्तीत जास्त किती लिटर रस नावासाठी धरायचा. हा शेवटचा आकडा दुसऱ्या कोणाच्या नियमपत्रातून उचलू नका. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन, आपल्याच बागांतील फळांवर दोन हंगाम चाचण्या करून तो काढा.